लागंल कवातरी

हणम्या, तू गेलास ते गेलास, पण जाता जाता मला भरल्या नदीकाठावर सगळ्या गावादेखत अडकवून गेलास. जन्मभर माझ्याशी वाद घातलास, शेवटचा शब्द तुझाच राहील याची चोख व्यवस्था केलीस आणि आता उत्तर द्यायला हजर नाहीस. आमच्या सांगलीच्या पेठेत याला सौदा म्हणत नाहीत.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी तुझ्या आवडीचं सगळं मांडलं होतं. वहिनींनी पहाटे उठून कांदाभजी तळली होती. भाकरी, दही, आणि स्टीलच्या पेल्यात तुझा तो काळा होईस्तोवर उकळलेला चहा. पाऊस भुरभुरत होता. समोरच्या बाभळीवर कावळे ओळीनं बसले होते आणि एक खाली उतरेल तर शपथ. सगळे हात बांधून वर बघत उभे. तुझा संदीप फौजेतून सुट्टी काढून आला होता. तो पुढं झाला आणि आईला अंतर देणार नाही म्हणाला. कावळे ढिम्म. मग तुझा चुलतभाऊ बापू पुढं सरकला. बांधावरून तुमचं जन्माचं वाकडं. त्यानं सांगितलं की यापुढं तुझा बांध कोरणार नाही. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एवढ्या मोठ्या शब्दाला कावळाच काय, गरुडसुद्धा उतरायला हवा होता. तरीही काही नाही.

आम्हा जैनांत पिंड नाही आणि कावळाही नाही. जीव गेला की पुढच्या जन्माच्या वाटेला लागतो, भज्यांसाठी बाभळीवर ताटकळत बसत नाही, हे मी तुला कॉलेजात असल्यापासून सांगत आलो. पण त्या दिवशी मी नैवेद्याला अगदी लागून उभा होतो, माझी ती मोठी काळी छत्री उघडून, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात ते." उभ्या आयुष्यात तू माझं कधी काय ऐकलंस, पण अशा वेळी नाही कसं म्हणायचं? मी छत्री मिटून काखेत मारली, हात जोडले आणि तोंडाला आलं ते बोलून गेलो.

"हणम्या, तुझं सायकलीचं सामान मी भंगारात जाऊ देणार न्हाई."

वाक्य पुरं होतंय न होतंय तोवर एक कावळा खाली आला आणि त्यानं सरळ भज्याला चोच घातली. मागोमाग सगळी पंगत. बायका रडायला लागल्या. तोवर मला तू गेलास हे नुसतं माहीत होतं, ते आत उतरलं त्या क्षणी. आणि लगोलग दुसरंही ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलोय.

माझी हयात भांड्यांच्या दुकानात गेली. जुनं तांबं-पितळ मोडीत घ्यायचं आणि नवं भांडं द्यायचं. एखाद्या बाईनं सासूचा हंडा आणला आणि डोळ्यांत पाणी काढलं, तरी मी तो तराजूत टाकला आहे. धातू वितळतो, पुन्हा घडतो, त्यात जीव गुंतवू नये, हे माझं धंद्याचं शास्त्र आणि धर्माचंही. आणि तुझं घराशेजारचं पत्र्याचं शेड म्हणजे या दोन्ही शास्त्रांचा अपमान होता. फौजेतून पेन्शन घेऊन आलास, आणि त्याच सुमाराला गावात घरोघरी मोटारसायकली आल्या. ज्यानं त्यानं सायकल भंगारवाल्याला काढली की तू आडवा जायचास. "मला दे, मी बघतो," म्हणायचास. घरी आणून तिचे सांधे सोडवायचे, रॉकेलनं धुवायचे, तेल लावायचं आणि ठेवून द्यायचं. भिंतीला खिळ्यांवर रिमा, त्यांच्याखाली मडगार्ड, आडव्या दांडीला चेनकव्हर, फळीवर पायडल जोडीजोडीनं. कधी साहेब तपासणीला येईल असं सगळं जागच्या जागी. फक्त साहेब कधी आला नाही, आणि त्या ढिगातून एक पुरी सायकलही कधी झाली नाही. विचारलं की तुझं ठरलेलं, "एक वस्तू कमी हाय." कोणती ते तुलाही सांगता यायचं नाही.

मी म्हणायचो, हणम्या, हा परिग्रह आहे, माणसाला खाली ओढतो. तू म्हणायचास, "आन तुझ्या दुकानाच्या माळ्यावर काय मोक्ष भरून ठिवलाय व्हय रं, शेठ?" मी म्हणायचो, माझा माल खपतो, तुझ्या या लोखंडाचं काय होणार? त्यावर तू तुझं ते ब्रह्मवाक्य काढायचास: "लागंल कवातरी." मग वहिनी आतून ओरडायच्या की दोघं म्हातारे झाला तरी सायकलीवरनंच भांडताय. आपण चहा प्यायचो आणि पुन्हा सुरू करायचो.

त्या ढिगातली चालती सायकल एकच, तुझी स्वतःची. शाळेच्या उतारावरून तू पाय न मारता यायचास आणि तिच्या फ्रीव्हीलची टकटक आधी घरात पोचायची. वहिनी तेवढ्यावर चहा टाकायच्या. मी समोर बसलेला असलो तर म्हणायच्या, आले बघा तुमचे दोस्त, आणि मला काही ऐकूसुद्धा आलेलं नसायचं. तीही सायकल तुझ्यामागं फार दिवस टिकली नाही. तेराव्याच्या गडबडीत मंडपवाल्याचा टेम्पो मागं घेताना तिच्यावर गेला आणि पुढचा सांगाडा दुमडला. वहिनींनी ती उचलून शेडमध्ये नेऊन ठेवली.

तर आता पेच असा होता. तुझी सून आरती तिथं मिरची कांडपाचं यंत्र बसवणार आहे, हे तुला ठाऊक होतंच, कारण परवानगी तूच दिली होतीस. गावातल्या बायकांना चटणी कुटायला इस्लामपूरला हेलपाटे घालावे लागतात, हे तिचं म्हणणं तुला पटलं होतं. "शेड रिकामं करतो," म्हणालास, आणि पुढं सहा महिने एक पायडलही हलवलं नाहीस. यंत्र दसऱ्याला येणार होतं. दसरा तोंडावर. शेड गच्च भरलेलं. आणि त्यातला एकही नटबोल्ट भंगारात जाणार नाही असा शब्द मी कावळ्यासमोर देऊन बसलेलो. वहिनींनी फोन करून सांगितलं, "भाऊजी, मला त्यातलं काय टाकवत न्हाई आन ठेववतबी न्हाई. तुमीच या आन ठरवा."

म्हणून मी सकाळच्या गाडीनं आलो. आष्टा जवळ आलं तसा मी खिडकीतून रस्ता बघायला लागलो. तो चार पदरी झालाय, झाडं गेलीत, पण आपली जागा मला सापडली. तुला आठवत असणारच. तू तर ती गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगितलीस. फक्त दरवेळी थोडी वाढवून.

कॉलेजातली गोष्ट. नागपंचमीला तू मला गावी घेऊन आला होतास. तुझ्या आईनं पुरणाची दिंडं केली होती आणि मी ती लाज सोडून खाल्ली होती. चातुर्मास होता, आणि मी आईला शब्द दिला होता की दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवेन. दिवस मावळला की आमच्याकडं ताट उठलं. दुपारभर झोके, खेळ आणि गप्पा यांत उशीर केला तो तू, आणि मग मला कॅरिअरवर बसवून सांगलीच्या दिशेनं सायकल हाणायला लागलास तोही तूच. आष्टा सोडलं आणि चेन तुटली. सूर्य उसाच्या शेंड्यांकडं कललेला. मी रडकुंडीला आलो. भूक नव्हती, दिंडं अजून गळ्याशी होती, पण शब्द जाणार होता. तू खाली उतरलास, पँटच्या खिशात हात घातलास, आणि सुतळी, चिंचोके, खडू यांच्यातनं चेन जोडायचं एक लॉक काढलंस. कशाला ठेवलं होतंस विचारलं तर म्हणालास, "लागतं कवातरी." हात काळे करून चेन जोडलीस, आणि मग तू जी सायकल मारलीस तशी पुन्हा कुणाला मारताना मी बघितली नाही. आयर्विन पुलावर आलो तेव्हा सूर्याची कड अजून दिसत होती. आई दारात ताट घेऊन उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, पश्चिमेकडं बघत होती. तिनं आधी तुला वाढलं आणि मग मला.

त्या एका लॉकवर तू पुढची सगळी भांडणं जिंकत गेलास. मी कितीही शास्त्र सांगितलं की तू फक्त म्हणायचास, "आष्ट्याच्या पुढं काय झालं व्हतं, शेठ?"

शेडमध्ये मी, वहिनी आणि आरती असे तिघं उभे राहिलो. मी म्हणालो, दुसरीकडं कुठं शेड भाड्यानं घेऊ. वहिनींनी डोक्याला हात लावला. मी म्हणालो, माझ्या दुकानाच्या माळ्यावर नेतो. तू हसला असतास, आणि मलाही माझंच हसू आलं. परिग्रहावर बोलणारा माणूस रिमा डोक्यावर घेऊन सांगलीला निघाला होता. शेवटी मी हताश होऊन तुझ्या तिपाईवर बसलो आणि म्हणालो, शब्द देऊन बसलोय पोरी, कावळ्यानं घास घेतलाय, आता मी काय करू?

आरतीनं कोपऱ्यातली एक रीम भिंतीला सरळ टेकवली. मग म्हणाली, "काका, राग मानू नका. कावळा तुमच्या शब्दाला आला न्हवता. तुमी छत्री मिटली म्हणून आला."

ती सांगत गेली. काळं, मोठं काही उघडं दिसलं की कावळे जवळ येत नाहीत. तिच्या माहेरी भुईमुगाच्या रानात कावळे टोकलेलं बी उकरायचे तेव्हा तिचा बाप जुनी छत्री उघडून रोवून ठेवायचा. मी नैवेद्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो, म्हणून सगळी पंगत बाभळीवर अडकली होती. तिला ते तेव्हाच कळलं होतं. पण नवी सून, एवढी मोठी माणसं शब्द देतायत, मध्ये कसं बोलायचं? वहिनी पदर तोंडाला लावून खदाखदा हसायला लागल्या. तू गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. हसता हसता म्हणाल्या, "म्हंजी बापू भाऊजींनी बांध उगाच सोडला म्हणायचा." मग आम्ही तिघांनी तिथंच ठरवलं की हे बापूच्या कानावर कधीही जाता कामा नये. तेवढं तूही सांभाळ.

तर मी मोकळा झालो. शब्दाला साक्षीच उरला नव्हता. भंगारवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, तो माझ्या रोजच्या उठबशीतला. दुपारपर्यंत टेम्पो आला असता, संध्याकाळी शेड लख्ख झालं असतं, आणि इतक्या वर्षांचा वाद मी जिंकलो असतो. मी फोन काढलासुद्धा. लावायच्या आधी म्हटलं, फळीवरचं बारीकसारीक गोळा करून ठेवू. एक चहापत्तीचा डबा ओढला, तो जड लागला. झाकण काढलं. चेन जोडायची लॉकं होती, काठोकाठ, तेल लावून ठेवलेली. त्या दिवशी तुझ्या खिशात एकच होतं. नंतर तू डबा भरलास.

तो डबा कुणाच्या आठवणीनं भरलास हे मला कळलं असं मी म्हणणार नाही. लगेच म्हणशील, शेठ लय भाव खायला लागला. पण मी फोन परत खिशात ठेवला. तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. त्या संध्याकाळी आईनं माझं ताट काढल्यावर मला म्हटलं होतं, हा पोरगा धरून ठेव. मी धरून ठेवलं ते भांडून भांडून. तुला दुसऱ्या कुठल्या रीतीनं धरता आलंही नसतं. पण एकदा तरी सरळ तोंडानं सांगायला हवं होतं की, हणम्या, तू आहेस म्हणून मला या रस्त्यावर कधी भीती वाटली नाही. आता सांगतोय. उशीर झालाय, पण ऐक.

तोड काढली ती वहिनींनी. आम्ही दोघं शहाणे इतकी वर्षं भांडत बसलो आणि त्या चहा करता करता बघत होत्या. म्हणाल्या, "चाकं हाईत, हँडलं हाईत. कोळपी करा की. बायका भांगलून भांगलून कमरंतनं मोडल्या." सायकलचं कोळपं मी शिरवळकडच्या एका शेतात येता-जाता बघितलं होतं: पुढं एक चाक, मागं मातीत चालून तण काढणारं पातं, आणि हँडल धरून उभ्यानं ढकलायचं. वाकायचं काम नाही. पण ते तुझ्या शेडमध्ये सुट्या तुकड्यांत टांगलेलं आहे हे ना तुझ्या ध्यानात आलं, ना माझ्या.

मग काय, मी दसऱ्यापर्यंत मुक्काम ठोकला आणि इस्लामपूरचा वेल्डर अंगणातच येऊन बसला. पाती नवी आणली, दांड्या तुझ्या सांगाड्यांच्या कापल्या. माझं काम एवढंच की खिळ्यावरनं काढायचं आणि हातात द्यायचं, आणि खरं सांगतो, प्रत्येक वस्तू हाताला सापडत गेली, कारण तू ती जिथं असायला हवी तिथंच ठेवली होतीस. कधीतरी साहेब तपासणीला येणार होता, तो मीच निघालो. आळीतल्या बायका बघायला आल्या आणि कोळप्यापेक्षा घंट्यांवर त्यांचा डोळा. जिला तिला आपल्या हँडलला घंटी हवी. रानात घंटी कशाला म्हणून मी विचारलं, तर एक म्हातारी म्हणाली, सरीत बसून तंबाखू मळणाऱ्या नवऱ्याला उठवायला. वेल्डरनं मुकाट्यानं सगळ्यांना घंट्या बसवल्या.

वहिनींचं कोळपं शेवटी झालं. त्यांनी चाक स्वतः निवडलं: तुझ्या त्या चेपलेल्या सायकलचं मागचं, फ्रीव्हीलसकट. वर चेनचा एक तुकडा फ्रीव्हीलच्या दातांवर चढवून दांडीला पक्का अडकवायला सांगितला. वेल्डर म्हणाला, मावशी, कोळप्याला चेनचं काय काम, उगा माती धरंल. मीही म्हणालो, वहिनी, कशाला? त्या म्हणाल्या, "असू द्या." मी तुझ्या डब्यातलं एक लॉक काढून दिलं आणि तुकडा जोडला गेला.

खंडेनवमीला तू दरवर्षी शेडमधल्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावायचास आणि झेंडू ठेवायचास. आणि मग पुजलेली वस्तू दिवाळीच्या साफसफाईत कशी काढायची, म्हणून वहिनींचं तोंड बंद करायचास. तो कावा आम्हाला कळत होता बरं का. यंदा अंगणात कोळपी मांडून वहिनींनी पूजा केली. दसऱ्याला आरतीचं यंत्र आलं. शेडमध्ये आता तुझं फक्त एक खोकं उरलंय, कशाचं काय ते कुणालाच न कळणाऱ्या वस्तूंचं. आरतीच म्हणाली की ते राहू दे.

परत निघायच्या आधी मी सोप्यात बसलो होतो. वहिनी घरामागच्या नव्या लागणीच्या उसात कोळपं घेऊन गेल्या होत्या. मला वाटलं, बघू तरी चालतंय कसं, आणि मी उठणार तोवर ते ऐकू आलं. टकटक टकटक टकटक. चाक पुढं फिरत होतं, दात चेननं धरून ठेवलेले, आणि फ्रीव्हील बोलत होतं. तू शाळेचा उतार पाय न मारता उतरायचास तसंच. इतकी वर्षं वहिनी म्हणायच्या आणि मला कधी ऐकू यायचं नाही, ते मला तिथं बसल्या जागी ऐकू आलं. मी उठलो नाही. डोळे भरले ते भरू दिले आणि ऐकत राहिलो.

आत भांडं वाजलं. मी वळून बघितलं, तर आरती गॅसवर चहाचं आधण ठेवत होती. कुणी सांगितलं नव्हतं. ठेवून झाल्यावर ती स्वतःच थबकली, माझ्याकडं बघितलं, आणि मग साखरेचा डबा काढायला वळली.

लागलं, हणम्या.